नावं कमी लिहा, पण पक्की लिहा
गणेशोत्सव मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

वर्गणीची पावतीपुस्तकं एव्हाना छापखान्यात गेली असतील. देखाव्याच्या विषयावरून दोन गट पडले असतील, आणि अहवालाच्या मागच्या पानावरची जाहिरात यंदा कोणाकडून आणायची या चिंतेत खजिनदार असतील. रक्तदान शिबिराची तारीखही याच दिवसांत ठरते, म्हणून पत्र आत्ताच लिहिते आहे. एकदा मांडव उभा राहिला की तुम्हाला जेवायलाही फुरसत नसते, पत्र कोण वाचणार!

मी आधी बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात समाजसेविका होते. आता स्टेम सेल, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, देणाऱ्या दात्यांशी बोलण्याचं काम करते. एखाद्या रुग्णाशी कोणा दात्याची जुळणी निघाली की त्या दात्याला फोन लावायचा आणि ‘तुम्ही अमुक साली नाव नोंदवलं होतंत, आठवतंय का?’ असं विचारायचं, हा माझा धंदा. पुष्कळदा आठवत नसतं. तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

काही मंडळांनी रक्तदानाच्या खाटांशेजारी आता स्टेम सेल नोंदणीचं टेबलही मांडायला सुरुवात केली आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, फॉर्म भरायचा, सही करायची, पाच मिनिटांत मोकळं. चांगली गोष्ट आहे, आणखी मंडळांनी करावी. पण रक्तदानाच्या पिशव्यांसारखा या नोंदींचाही आकडा फ्लेक्सवर झळकायला लागला आहे. ‘एका दिवसात एवढ्या नोंदी’ म्हणून शेजारच्या मंडळाला खिजवायचं. तिथे माझ्या पोटात गोळा येतो. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा हा उपचार ज्यांच्या चिकाटीमुळे उभा राहिला ते डॉ. ई. डॉनल थॉमस अमेरिकेतले. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्याशा गावातल्या रुग्णालयात ते होते. हिरोशिमानंतर एक गोष्ट स्पष्ट झाली होती की मोठा किरणोत्सर्ग झाला की माणसाची बोनमॅरो, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मगज, जळून जातो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की अशा उंदराला दुसऱ्याची मॅरो दिली तर तो जगू शकतो. मग ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णाची बिघडलेली मॅरो आपणच जाळून टाकावी आणि निरोगी माणसाची द्यावी, असा विचार थॉमस यांनी केला. 1957 साली त्यांनी मॅरो दिलेल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला. सहाही जण गेले. शंभर दिवस कोणी ओलांडले नाहीत.

पुढे जुळ्या भावंडाची मॅरो मिळालेल्या रुग्णांमध्ये रक्त पुन्हा तयार होऊ लागलेलं दिसलं, पण काही महिन्यांत कॅन्सर परतला. जुळं भावंड नसेल तर गाडी त्याहून आधीच अडायची. एक तर रुग्णाचं शरीर परकी मॅरो झिडकारायचं, किंवा उलटंच व्हायचं. दात्याच्या पेशी नव्या घरात रुजायच्या आणि घरमालकावरच उठायच्या. कातडी, यकृत, आतडी, जिथे मिळेल तिथे हल्ला. 1960 च्या दशकात जगातल्या बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी माणसांवरचे प्रयोग बहुतांशी थांबवले आणि ते कुत्र्यांकडे वळले. एकाच वेताची पिल्लं घ्यायची, त्यांच्या पेशींची खूण जुळते का बघायची, आणि मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन तो उलटा हल्ला आवरतो का ते तपासायचं. (मेथोट्रेक्सेट ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचं नेतृत्व आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होतं. आपल्याकडे किती जणांना हे नाव ठाऊक आहे, देव जाणे.) जुळणारी भावंडं तगली. न जुळणारी गेली.

पेशींच्या या खुणेला एचएलए म्हणतात. पॅरिसच्या जाँ दोसे यांनी 1958 मध्ये तिचा माग काढला आणि 1980 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रक्तगटाशी तिचा संबंध नाही. ‘माझा ओ निगेटिव्ह आहे, मी सगळ्यांना चालतो’ असं मला दर शिबिरात कोणी ना कोणी छाती फुगवून सांगतं. इथे ते चालत नाही. उलट दात्याचा रक्तगट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतं, आणि काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो.

थॉमस 1963 मध्ये सिअ‍ॅटलला गेले. 1969 पासून त्यांच्या गटाने जुळणाऱ्या भावंडांची मॅरो घेऊन पुन्हा माणसांवर उपचार सुरू केले. त्यांच्या पत्नी डॉटी प्रयोगशाळेपासून लेखांच्या संपादनापर्यंत सगळ्या कामात बरोबरीने होत्या. 1977 मध्ये थॉमस यांच्या गटाने 100 रुग्णांचा हिशेब मांडला. बाकी सगळे उपाय थकलेले, तीव्र ल्युकेमियाचे 100 रुग्ण. त्यातले 13 जण कॅन्सरविना जिवंत होते, काही तर चार वर्षांहून जास्त काळ. 87 गेले असं कोणी म्हणेल. पण ज्या आजारातून कोणीच उठत नव्हतं, त्यातून 13 जण उठून चालायला लागले होते, आणि त्यामुळे पुढे रुग्ण लवकर, आजार आटोक्यात असतानाच ट्रान्सप्लांटसाठी घेतले जाऊ लागले. 1990 मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण करणाऱ्या जोसेफ मरे यांच्यासोबत.

ही विद्या मुंबईला आली तीही सिअ‍ॅटलहूनच. लहानपणी पोलिओ झालेले, चाकाच्या खुर्चीवरून राउंड घेणारे डॉ. सुरेश अडवाणी थॉमस यांच्याकडे शिकून आले आणि मार्च 1983 मध्ये परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये भारतातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं. रुग्ण लहान मुलगी होती. तिला तिच्याच भावंडाची मॅरो जुळली होती.

आता तुमच्या मांडवाशी याचा संबंध सांगते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. घरात एक किंवा दोन मुलं, त्यामुळे बहुतेकांना घरात पूर्ण जुळणारा कोणी मिळत नाही. सिअ‍ॅटलमध्येच 1979 साली ल्युकेमिया झालेल्या कोलोरॅडोच्या एका 10 वर्षांच्या मुलीला नात्यात नसलेल्या दात्याची मॅरो दिली गेली. दाता कोण? थॉमस यांच्याच केंद्रातला एक कर्मचारी, ज्याची खूण योगायोगाने आधीच तपासलेली होती. मुलगी पुढे आजार परतल्याने गेली, पण तिच्या वडिलांच्या आणि इतरांच्या धडपडीतून 1986 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय दाता नोंदणी सुरू झाली. योगायोगावर विसंबायचं नाही, याद्या करायच्या, हे तेव्हा ठरलं. आज जगभरच्या याद्यांत मिळून 4 कोटींहून जास्त दाते आहेत. एकट्या जर्मनीत 1 कोटीच्या आसपास. आपण लोकसंख्येने तिच्या सतरापट, आणि आपल्या याद्या अजून लाखांतच मोजाव्या लागतात.

जर्मन दाता आपल्याला का चालत नाही? कधी कधी चालतोही. पण एचएलएची खूण आईबापांकडून गठ्ठ्याने येते, आणि ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपापसांतच झाली तिथे ठरावीक गठ्ठे पुन्हा पुन्हा सापडतात. अमेरिकेत 2014 मध्ये हिशेब झाला होता. युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला यादीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के, आणि काही कृष्णवर्णीय गटांत जेमतेम 16. आपल्या जातीत लग्न करायची हौस आपण किती भागवली ते तुम्हाला सांगायला नको. त्याचा अर्थ असा की साताऱ्याच्या धनगर कुटुंबातल्या मुलाची, उल्हासनगरच्या सिंधी मुलीची, पालघरच्या वारली पोराची किंवा मालेगावच्या विणकराची जोडी बहुधा त्यांच्याच माणसांत सापडेल. नोंदणीची शिबिरं मात्र भरतात कॉलेजांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत. ती माणसं हवीतच, पण तेवढीच पुरत नाहीत. वस्ती, वाडी, पेठ, पाडा इथपर्यंत पोचलेलं जाळं महाराष्ट्रात कोणाचं असेल तर ते तुमचं. हे पत्र शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद-ए-मिलादच्या समित्यांनीही आपल्यालाच आलं आहे असं समजून वाचलं तर फार बरं होईल.

आता फोनची गोष्ट. कोणाची ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून सांगते. चोविशीतला मुलगा, दोन वर्षांपूर्वी अशाच एका मांडवात नोंद केलेली. त्याच्या पेशी एका रुग्णाशी पूर्ण जुळल्या. तो फोनवर ‘हो हो, करू की’ म्हणाला. पुन्हा तपासणी झाली, जुळणी पक्की झाली, तारखेचं बोलणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन.

“ताई, तुम्ही त्याच्या पाठीच्या कण्यातून काढणार ना?”

“नाही काकू. हल्ली बहुतेक वेळा दंडातूनच घेतात. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्याने मूळपेशी हाडातून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत. तीन-चार तास लागतात.”

“त्याला पुढे काही झालं तर?”

“इंजेक्शनांच्या दिवसांत अंग दुखतं, कंबर दुखते, ताप आल्यासारखं वाटतं. थांबवलं की जातं. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.”

थोडा वेळ गप्प. मग हळू आवाजात, “त्याचं अजून लग्न व्हायचंय हो. मुलीकडच्यांना कळलं तर काय सांगू?”

मुलाने नंतर माझा फोन उचलला नाही. त्या माउलीला मी नावं ठेवणार नाही. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मांडवात मुलाला टोपी मिळाली, सेल्फीची चौकट मिळाली, आणि ‘फक्त स्वॅब आहे रे, काही नाही’ असं सांगणारा मित्र मिळाला. रुग्णाच्या डॉक्टरांनी दुसरी वाट शोधली, त्यात आठवडे गेले. ल्युकेमियात आठवडे म्हणजे काय, हे त्या वॉर्डाच्या दाराशी बसणाऱ्यांना विचारा.

आणि ही माघार त्यातल्या त्यात बरी. दात्याच्या पेशी येण्याआधी जवळपास आठवडाभर रुग्णाला जोरदार केमोथेरपी, कधी रेडिएशन देतात, त्याची स्वतःची मॅरो संपवतात. त्या आठवड्यात दाता मागे फिरला तर रुग्णाकडे ना जुनी मॅरो उरते, ना नवी. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणायचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. म्हणून तर नाही म्हणायचं असेल त्याला मांडवातच नाही म्हणू द्या. हसून, चहा पाजून परत पाठवा.

वॉर्डातलं चित्र तुम्ही पाहिलेलं नसेल. गाळलेल्या हवेची खोली, आत एकच नातेवाईक, तोही मास्क लावून. घरचा प्रसाद नाही, फुलं नाहीत, दूर्वासुद्धा नाहीत, कारण मातीतल्या बुरशीनेही जीव जाऊ शकतो. ज्या दिवशी पेशी देतात त्याला ‘डे झीरो’ म्हणतात. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रसंग दिसायला अगदीच साधा, रक्तासारखी लालसर पिशवी सलाईनच्या स्टँडला लटकते आणि तासाभरात रिकामी होते. खरी परीक्षा पुढचे दोन-तीन आठवडे. तोवर सगळ्या नातेवाइकांचा एकच प्रश्न, ‘काउंट आले का?’ पांढऱ्या पेशी शून्याजवळ रेंगाळत असतात, आणि एका सकाळी रिपोर्टवर आकडा हलतो. बाहेर बाकावर बसलेल्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या बायकाही तेव्हा एकमेकींना पेढे देतात.

एखादा जाणकार म्हणेल, ‘बाई, आता अर्धी जुळणी असली तरी चालतं, आई-बाप, मूल कोणीही दाता होऊ शकतं.’ खरं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन ही वाट रुंद केली आणि भारतात तिचा फार उपयोग झाला. पण प्रत्येकाच्या घरात तब्येतीने धड, योग्य वयाचं माणूस असतंच असं नाही. कधी रुग्णाच्या रक्तात घरच्यांच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं असतात. तरुण, पूर्ण जुळणारा दाता हाताशी असणं म्हणजे डॉक्टरांना निवड करता येणं. निवड असली की बरं असतं. मायलोमा या बोनमॅरोच्या कॅन्सरसारख्या काही आजारांत तर रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरतात, तिथे आपलं टेबल लागत नाही, हेही सांगून ठेवते.

मग तुम्ही करायचं काय? नोंदीचा आकडा फ्लेक्सवर लावू नका. तो कुणालाच सांगू नका. प्रत्येक इच्छुकाशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय फॉर्म पुढे सरकवू नका, आणि ‘घरी विचारून ये, उद्या परत ये’ असं बिनदिक्कत सांगा. तुमच्याकडे दहा दिवस असतात, कॉलेजातल्या शिबिराकडे एकच असतो. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला तर सोन्याहून पिवळं. आईला खुर्ची द्या, तिचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं द्या. हे काम रुग्णालयाला जमत नाही. तिचा आमच्यावर विश्वास नाही, तिच्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षावर आहे. नंबर बदलला की कळवायचं, एवढंही बजावून सांगा, कारण जुळलेले कित्येक दाते केवळ जुन्या सिमकार्डामुळे हरवतात. भेटवस्तू नको. दात्याला पैसे मिळत नाहीत, रुग्ण कोण हे किमान वर्षभर कळत नाही, आणि बहुतेकांना आयुष्यात कधी फोनच येणार नाही, हेही आधी सांगा. त्यावर जो सही करेल त्याची सही पक्की.

एक स्वॅब तपासायला काही हजार रुपये लागतात. तो खर्च कोणी तरी उचलतो, बहुधा देणगीदार. टी-शर्टांच्या बजेटातून दहा जणांची तपासणी जरी मंडळाने दिली तर अहवालात त्याची नोंद खुशाल ठळक टाइपात करा, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही.

जाहिरातदारांबद्दल मात्र जरा सांभाळा. ‘स्टेम सेल’ म्हटलं की कमानीसाठी पैसे घेऊन दोन प्रकारचे लोक हमखास येतील. एक, बाळाच्या नाळेचं रक्त पुढे त्याच्याच उपयोगासाठी साठवा म्हणून सांगणारे. दुसरे, गुडघे, मधुमेह, ऑटिझम, सगळ्यावर स्टेम सेलचं इंजेक्शन देणारे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची भूमिका स्पष्ट आहे. नाळेचं रक्त स्वतःसाठी खासगी बँकेत साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, आणि रक्ताच्या व इतर ठरावीक आजारांतलं बोनमॅरो किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकीचे उपचार अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहेत. कित्येक वर्षं कुत्र्यांपासून माणसांपर्यंत एकेक पायरी चढून सिद्ध झालेली गोष्ट आणि हे, एकाच कमानीवर नकोत.

आणि रक्तदानाचं. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे प्लेटलेट लागतात, आणि प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. लाल पेशी 35 ते 42 दिवस. गणेशोत्सवाच्या आठवड्यात सगळ्या पेठांनी एकदम रक्त दिलं की रक्तपेढीच्या फ्रीजला जागा नसते, आणि दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात आम्ही नातेवाइकांना घेऊन फोन फिरवत बसतो. सगळी शिबिरं एकाच रविवारी घेण्यापेक्षा आपापसांत बोलून तारखा वाटून घ्या. भांडणं मिटवून वर्षातून एकदा तरी मंडळं एकत्र बसतात असं ऐकून आहे. तेव्हाच एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर प्लेटलेट देणाऱ्यांची यादी करा. दहा-वीस खात्रीचे तरुण, ज्यांना फोन केला की दोन तास काढून येतील. रात्री साडेदहाला ढोलाच्या सरावावरून परतणारी पोरं या कामाला उत्तम, मी अनुभवाने सांगते.

नोंदणी संस्थेला तारीख महिनाभर आधी कळवा, म्हणजे स्वॅबचे किट येतील आणि तुमच्यातल्या चार जणांना माहिती द्यायला कोणी येऊन जाईल. त्या चौघांत एक तरी मुलगी असू द्या, आया तिच्याशी जास्त मोकळेपणाने बोलतात. आणि टेबल स्पीकरच्या भिंतीपासून लांब मांडा. कणा, लग्न, इंजेक्शन या गोष्टी ओरडून समजावता येत नाहीत.

आपली,
दात्यांना फोन करणारी एक समुपदेशक
पुणे